खिचडी आधी सांडली की पोरगी आधी पडली

मी डी.एड. आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण मी ते कोणाला विसरू देत नाही. गावापासून जवळच, आमगावच्या बाजारात माझं भुसार मालाचं दुकान आहे. लाखोरी, जवस, तूर असा माल मी आसपासच्या गावांतून विकत घेते आणि गोंदियाच्या व्यापाऱ्यांना विकते. सुरुवात आठवडी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून केली. आता दुकानाला शटर आहे, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, आणि गोंदियाचे शेठ फोनवर आधी माझी तब्येत विचारतात, मग भाव. पण हे मला करायचं नव्हतं. मला पोरांना शिकवायचं होतं.

मी डी.एड. झाले तेव्हा शिक्षक भरती बंद होती. आज निघेल, उद्या निघेल म्हणता म्हणता माझं वय निघून गेलं. मधे एकदा आमच्या गावच्या शाळेतल्या एका मास्तरांची बदली झाली आणि शाळा समितीनं ठरवलं, गावातलंच कोणी शिकलेलं माणूस मानधनावर घ्यायचं. अर्ज दोन आले. एक माझा. दुसरा समितीतल्या एका सदस्याच्या भाचीचा, जी बारावी झाली होती. जागा भाचीला गेली. वर्षभरात तिचं लग्न झालं आणि ती निघून गेली. त्या पोरीवर माझा राग नाही. राग तिच्या मामावर आहे, आणि तोही जागेसाठी कमी, त्याच्या एका वाक्यासाठी जास्त. पानठेल्यावर उभा राहून तो चार लोकांना म्हणाला होता, "शिकेल हाय, पर डोकं गरम हाय तिचं. पोट्ट्यायले मारन ना बाप्पा."

माझं डोकं गरम आहे, हे खरं आहे. भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगावर मी माप फेकलेलं आहे. पण कोणाच्या लेकराला मी कधी हात लावला नाही. ते वाक्य गावात माझ्या पुढे पुढे चालत राहिलं. तो मामा आता समितीचा अध्यक्ष आहे.

मागच्या दिवाळीनंतर शाळेत पुन्हा एकच शिक्षक उरला. चार वर्ग, एक गुरुजी. देवरीकडचा तरुण माणूस, गावात नवा. त्याला माझी आणि अध्यक्षाची गोष्ट माहीत नव्हती. तो दुकानात आला आणि धान्याच्या बोरीवर बसला.

"मॅडम, तिसरी-चौथीला रोज सकाळी एक तास द्याल का? मानधन देता येणार नाही."

"मग काय देता येईल?"

त्यानं थोडा विचार केला. "खडू."

मला हसू आलं. तरी सौदा केल्याशिवाय मी काही घेत नाही. मी अटी घातल्या. त्या तासात पोरांना पाणी आणायला, झाडू मारायला कोणी पाठवायचं नाही. आणि अध्यक्षानं माझ्या वर्गाच्या दारात उभं राहायचं नाही.

"ते अध्यक्ष आहेत मॅडम, शाळेत येतीलच."

"येऊ द्या ना. ऑफिसात उभे राहतील."

तो कबूल झाला.

गुरुजींनी मला मराठीचं लेखन दिलं. पोरांना वाचता येत होतं, अक्षरही बरं होतं, पण घडलेली गोष्ट क्रमानं लिहायला सांगितली की सगळा घोटाळा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, नाटक, पाहुणे. मी पहिला विषय तोच दिला. एका मुलानं लिहिलं, "आम्ही घरी आलो. भावाला उलटी झाली. पाळण्यात बसलो. जिलेबी खाल्ली. मंडईला गेलो." दुसऱ्या एका पोरीची वही पाहिली तर तिथंही तेच. पोरगी आधी घरी पोहोचलेली आणि मग मंडईला निघालेली. मला वाटलं, मला चिडवायला मुद्दाम उलटं लिहितात. मी ओरडले. तो मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, सगळं त लिवलं. काहीच नाही सोडलं." आणि ते खरं होतं. सोडलं काहीच नव्हतं.

मग मी माझ्या धंद्यातलं काढलं. दुसऱ्या दिवशी पोपटाच्या शेंगांची टोपली घेऊन गेले. वालाच्या शेंगांना आम्ही पोपट म्हणतो. एका पोरीला विकायला बसवलं, एका पोराला घ्यायला पाठवलं, आणि बाकीच्यांना सांगितलं, कोण काय बोलतं ते लिहा. पोरगी पक्की निघाली. "इतक्यात नाही परवडत जी, बसस्टँडवर जाऊन पाहा," असं तिनं माझ्याच आवाजात म्हटलं. वर्ग हसला. मग मी त्यांची वाक्यं उलटी करून वाचली. आधी "घे, ने", नंतर "कितीला देते". पोरं पुन्हा हसली. शेंगा पिशवीत पडल्यावर भाव कोण विचारतो? त्या दिवशी सगळ्यांनी क्रमानं लिहिलं. मला वाटलं, जमलं.

पण घरातली गोष्ट लिहायला दिली की पुन्हा तेच. ट्रॅक्टर धानाच्या बांधीत फसला, तर तो आधी बाहेर निघायचा आणि नंतर फसायचा. माल घेताना मी समोरच्याला मळणीपासून विचारत येते. कापलं कधी, पाऊस त्याच्या आधी की नंतर, वाळवलं कुठं. त्या क्रमावरून दाणा ओला की सुका ते मला हात न लावता कळतं. असं असून माझ्याच वर्गातल्या पोरांची गाठ मला सुटेना.

तेवढ्यात शाळेत ते खिचडीचं झालं.

शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई ही अध्यक्षाच्या लहान भावाची बायको. पोरं तिला मावशी म्हणतात. भावांची घरं वेगळी झालेली आहेत. हिचा नवरा पाठीच्या दुखण्यानं बराचसा घरीच असतो, रोवणी-कापणीच्या दिवसांत जमेल तेवढी मजुरी करतो. घरात दर महिन्याला ठरलेलं येतं ते हिचंच. तिची नेमणूक दरवर्षी समिती करते आणि समिती काढूही शकते. माझं तिच्याशी बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, पण त्या घरातली म्हणून मी बोलत नव्हते.

त्या दिवशी माझा तास संपवून मी दुकानात गेले होते. दुपारी गुरुजी आत मोबाइलवर शाळेची माहिती भरत होते. बाहेर आरडाओरडा झाला म्हणून ते आले, तर वऱ्हांड्यात गंज, म्हणजे खिचडीचं मोठं पातेलं, आडवा, खिचडी पसरलेली, त्यात बकऱ्या तोंड घालून, आणि मावशी पहिलीतल्या एका पोरीला उचलून उभी. पोरीच्या कपाळातून रक्त, फ्रॉकला खिचडी. गुरुजी तिला गाडीवर घालून आमगावला दवाखान्यात घेऊन गेले. टाके पडले. बाकीची पोरं त्या दिवशी बिस्किटांवर राहिली. कोणीतरी वर फोन केला.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख साहेब चौकशीला येणार म्हणून गुरुजींनी तिसरी-चौथीच्या पोरांना लिहायला बसवलं: काल काय झालं. पोरांनी स्वच्छ अक्षरात, एका ओळीत एक वाक्य, जसं मी शिकवलं होतं तसं लिहिलं. जवळजवळ सगळ्यांचं सारखं.

"पोरगी बरी आहे. कपाळाला टाके पडले. खिचडी सांडली. बकऱ्या आल्या. पोरगी पडली."

साहेबांनी वरची दोन वाक्यं तब्येतीची खबर म्हणून सोडली आणि बाकीचं वरून खाली वाचलं. दुसरं कसं वाचणार? खिचडी आधी सांडली, म्हणजे मावशीच्या निष्काळजीपणानं. मग बकऱ्या आल्या. मग पोरगी गरम खिचडीवरून घसरून पडली. फ्रॉकला खिचडी होतीच. मावशी म्हणत होती की पोरगी आधी पडली, मी गंज खाली ठेवून धावली, माझ्या हाताची खिचडी तिच्या फ्रॉकला लागली, आणि मागं बकऱ्यांनी गंज पाडला. पण एका बाजूला ती एकटी आणि दुसऱ्या बाजूला एवढ्या लेकरांचं लिखाण. पहिलीतली पोरगी तर विचारलं की आईच्या पदरात तोंड घालायची. साहेबांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात समितीची बैठक घ्या, मी येतो, बाईला काढण्याचा ठराव करा.

मला हे गुरुजींकडून कळलं तेव्हा मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. मला वाटलं, बसू दे त्या घराला एक झटका.

दोन दिवसांनी अध्यक्ष माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"या," मी म्हटलं. "लाखोरी विकायची आहे का?"

"नाही जी. थे खिचडीचं."

"ते शाळेचं आहे. शाळेत बोला."

"मी बोललो त म्हणतीन घरची हाय म्हणून बोलून रायला. पोट्टे तुमच्यापाशी शिकून रायले. तुमी जरा इचारून पाहा ना त्यायले. भावाचं घर त्याच्यावरच चालते."

सौदा करण्याची अशी संधी मला आयुष्यात कमी मिळाली आहे. मी म्हटलं, "विचारते. पण बैठकीत साहेबांसमोर तुम्ही सांगायचं, त्या वर्षी जागेवर हक्क कोणाचा होता, आणि पानठेल्यावर तुम्ही काय बोलले होते."

त्यानं पोत्यातली मूठभर लाखोरी हातात घेतली, पाहिली, परत टाकली.

"थे जुनं झालं जी."

"माझ्याकडे जुन्या मालालाही भाव आहे."

"तुमी बी ना बाप्पा," तो म्हणाला आणि पायरी उतरला. मी त्याला थांबवलं नाही. त्यानंही मागे वळून पाहिलं नाही. त्या दिवशी एका गिऱ्हाइकावर मी विनाकारण खेकसले.

आठवड्याच्या मधेच त्या जखमी पोरीची आई दुकानात पोपट विकायला आली. पोरगी तिच्यासोबत होती, कपाळावर पट्टी. मी शेंगा पाहत पाहत विचारलं, "कसं झालं गं हे?"

"बरी हाय जी आता," आई म्हणाली. "टाके निंघाले. डाक्टर म्हणे, डाग राहीन थोडासाक. फ्रॉक गेली वाया, खिचडी लागली ना. पडली जी, नळापाशी."

माझा हात टोपलीतच राहिला. पोरगी बरी आहे. टाके. खिचडी. पडली. हेच तर पोरांनी लिहिलं होतं.

मग मला आमचं घर आठवलं. मी लहान असताना काका घरच्या आजाऱ्याला गोंदियाच्या दवाखान्यात पाहून आले की उंबऱ्याबाहेरूनच म्हणायचे, "बरा हाय, बरा हाय." नंतर पाय धुवायचे, नंतर पाणी प्यायचे आणि मग हळूहळू मागं मागं जात सांगायचे, काय झालं होतं ते. आमच्याकडे बाहेरून खबर आणणाऱ्यानं शेवट आधी सांगायचा असतो. "गाडीवरून पडला" हे तोंडातून पहिलं निघालं, तर पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही, आत रडारड सुरू होते. म्हणून दारात उभं राहून आधी शेवट. मी स्वतःही तसंच सांगते. गोंदियाहून फोन करते तेव्हा माझं पहिलं वाक्य "पोहोचले" असतं आणि बस पंक्चर झाल्याचं मागून येतं. साहेबांच्या घरीही असंच सांगत असतील. पण कागद हातात आला की साहेब साहेब होतात.

पोरं उलटी नव्हती. पोरं मला घरच्यासारखी खबर देत होती.

आता माझ्यासमोर प्रश्न होता. गप्प बसले तर त्या घराला झटका बसणार होता, आणि मला काही करावंही लागणार नव्हतं. पण दुसरी गोष्ट मला बोचू लागली. ते कागद माझ्या वर्गाचे होते. माझ्या वर्गाचं लिखाण वाचून एका बाईचं काम जाणार, आणि ते लिखाण वाचणाऱ्याला भलतंच सांगत होतं. उद्या कोणी म्हणालं असतं, हिला जागा दिली नाही तेच बरं झालं, तर मी काय उत्तर देणार होते? खराब माल मी कधी दुकानातून बाहेर जाऊ दिला नाही. हा तर माझ्या नावानं गेला होता. मी अध्यक्षासाठी काही केलं नाही. त्याच्या भावजयीसाठी केलं असंही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. गुरुजी दारात आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, पोरांना त्या दिवसाचंच पुन्हा लिहायला लावा ना, बैठकीच्या आधी."

मी भडकले. "उद्या म्हणतील मी पढवलं. खिचडीचं नाव या वर्गात कोणी काढायचं नाही. तुम्हीही नाही." ते गेले. पोरं माझ्याकडे बघत राहिली. मी खडू घेतला.

"घरी बाहेरून कोणी आलं की आधी काय सांगते?"

"बरं हाय म्हणते."

"काऊन?"

"आजी रडते नाही त."

"बरोबर. घरी तसंच सांगायचं. पण कागदाला आजीसारखं रडू येत नाही. कागदाला सुरुवातीपासून सांगायचं. आणि सुरुवात कुठं आहे ते कसं शोधायचं? आपलं वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, याच्या आंधी काय झालं? जिथं आंधी काही सापडत नाही, तिथून लिहायला घ्यायचं."

मी मुद्दाम त्यांच्या भाषेत आंधी म्हटलं. त्यांना पटलं. घरचं चुकीचं आहे असं मी म्हटलं नाही, हेही कारण असेल. चौथीतल्या एका पोरीनं कोंबडीचं लिहिलं होतं: "कोंबडी मेली. कुत्र्यानं धरली. खुराड्याचं दार उघडं होतं. मी दार लावलं नाही." मी तिला म्हटलं, आता आंधी-आंधी करत खालून वर ये. ती थांबली.

"मॅडम, मंग पयलं वाक्य माहंच येते."

"येते तर येऊ दे."

"आई मारन ना."

मला तेव्हा दिसलं की शेवटापासून सांगण्याचा आणखी एक उपयोग आहे. करणारा माणूस तळाशी जाऊन बसतो आणि तिथवर कोणी वाचत नाही. मी तिला म्हटलं, वही घरी न्यायची सक्ती नाही. तिनं बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं, "मी खुराड्याचं दार लावलं नाही." तिथून पुढे कोंबडी सरळ मेली.

बैठकीपर्यंत रोज हेच चाललं. ट्रॅक्टर, पतंग, मामाचं लग्न, हरवलेली चप्पल. काही पोरांना जमलं, काहींना अर्धवट. एक मुलगा "आंधी काय" विचारत विचारत स्वतःच्या जन्मापर्यंत गेला. त्याला परत आणावं लागलं.

बैठकीच्या दिवशी साहेब, समितीची माणसं आणि गुरुजी चौथीच्या वर्गात बसले. अध्यक्ष मधल्या खुर्चीवर. मावशी दाराजवळ खाली बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. पोरांना वऱ्हांड्यात बसवलं होतं. ठराव वाचायच्या आधी मी उभी राहिले.

"साहेब, पोरांनी जे लिहिलं ते क्रमानं नाही. इकडे शेवट आधी सांगतात. त्यांना पुन्हा विचारा."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढ्या दिवसांत तुम्ही शिकवून तयार केलं असेल ना त्यांना."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. गुरुजी मला डोळ्यांनी बसा बसा म्हणत होते. मी बसले नाही, पण ओरडलेही नाही, हे मला स्वतःलाच नवीन होतं.

"शिकवलं ना. क्रम शिकवला. खिचडी नाही शिकवली. खोटं वाटत असेल तर मला माहीत नसलेलं काही लिहायला सांगा. तुम्ही आज सकाळी आले तेव्हा पोरं बाहेर होती, मी आतल्या वर्गात होते. तुमच्या येण्याचंच लिहायला सांगा."

साहेब हसले. त्यांना गंमत वाटली असावी. पोरांना कागद दिले. थोड्या वेळानं त्यांनी एका मुलाला उभं केलं. त्यानं खणखणीत वाचलं.

"साहेबांची गाडी फाटकाजवळ बंद पडली. साहेबांनी किक मारल्या. गाडी सुरू झाली नाही. साहेबांनी गाडीला शिवी दिली. गुरुजी धावत गेले. दोघांनी गाडी ढकलत आणली. साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. मग साहेब गुरुजींना म्हणाले, प्रार्थना अजून का झाली नाही. गुरुजी म्हणाले, तुमची गाडी ढकलत होतो."

समितीतला एक म्हातारा आधी हसला, मग सगळेच. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"हे असंच झालं का?" मी विचारलं.

"असंच झालं," साहेब म्हणाले. "शिवी लिहायची गरज नव्हती."

"त्याच क्रमानं?"

"हो बाई, त्याच क्रमानं."

मग त्यांनी स्वतः पोरांना सांगितलं, पोरगी पडली त्या दिवसाचं लिहा. मी शाळेच्या बाहेर जाऊन उभी राहिले. पुन्हा कोणी म्हणायला नको की मी खुणा केल्या. मला आत बोलावलं तेव्हा साहेब कागद एकेक करून खाली ठेवत होते. बहुतेकांची सुरुवात एकच होती: "पहिलीतली पोरगी नळाजवळ पडली." मग मावशी धावली. मग बकऱ्या आल्या. मग गंज पडला. दोघा-तिघांचं अजूनही मागे-पुढे होतं, पण पोरगी सगळ्यांच्या कागदावर खिचडीच्या आधी पडली होती.

शेवटचा कागद साहेबांनी हातात धरूनच ठेवला. तो कोंबडीवाल्या पोरीचा होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

"नळ गळत होता. नळाखाली शेवाळ झालं. गुरुजींनी अध्यक्षांना सांगितलं, नळ दुरुस्त करा. अध्यक्ष म्हणाले, पाहतो. पहिलीतली पोरगी शेवाळावरून घसरून पडली. मावशी गंज ठेवून धावली."

मी शपथेवर सांगते, हे मी शिकवलं नव्हतं. मला नळ गळतो हे माहीत होतं, गुरुजींनी कोणाला सांगितलं ते माहीत नव्हतं. पोरीनं फक्त आंधी काय, त्याच्या आंधी काय, असं विचारत मागे मागे पाय टाकला होता, आणि ती अध्यक्षाच्या खुर्चीपाशी येऊन थांबली होती.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान हलवली. साहेबांनी अध्यक्षाकडे पाहिलं.

"नळाचं काय?"

"प्लंबरच भेटून नाही रायला साहेब," अध्यक्ष म्हणाला. "सगळे धानाच्या कामात हायेत."

"बाईला काढायचा ठराव राहू द्या," साहेब म्हणाले. "नळाचा ठराव लिहा."

तो लिहिला गेला. मावशीचं काम राहिलं. बैठक संपल्यावर अध्यक्ष माझ्या अंगावरून जाताना थांबला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मले माहीत हाय, कोनं लिवायले लावलं थे." भावाचं घर वाचलं, त्याबद्दल एक शब्द नाही. त्याच्या डोक्यात आता माझ्याविषयी नवीन तक्रार आहे, माझ्या डोक्यात त्याच्याविषयी जुनी. मी मागितलेला भाव मला मिळाला नाही. तो मी सोडलेलाही नाही.

मी चपला घालत होते तेव्हा मावशी मागच्या बाजूला गंज घासत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमाले वाटत असन मी आता तुमच्या पाया पडन," ती म्हणाली.

"नाही वाटत."

"नाही पडत मी. मी काही केलंच नोतं. पयल्या दिवशीपासून मी हेच सांगून रायली, पोरगी आंधी पडली म्हणून. साहेबायनं आयकलं नाही, गुरुजीनं आयकलं नाही. तुमी त इचारलं बी नाही."

"तुझ्या जेठाच्या, त्या अध्यक्षाच्या घरची म्हणून नाही विचारलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"मले माहीत हाय थे." तिनं राख घेतली आणि गंजाच्या तळाला लावली. "उद्या वाटाण्याची भाजी हाय. जेवून जायचं असन त सांगा, एक मूठ तांदूळ जास्त टाकते."

मी तिला सांगितलं, टाक.